गादीवरचा गेमिंग कम्प्युटर

लातूरच्या गंजगोलाईतून जे रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर पाइप आणि मोटारींचं एक जुनं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय ‘नागप्पा अँड सन्स’. नागप्पा आजोबांनी ती पाटी लावली तेव्हा त्यांना तीन मुलगे होते. दोघे आपापल्या वाटेनं गेले, उरले बसवंतप्पा. बसवंतप्पांना दोन मुलगे. थोरला रविकिरण हैदराबादला नोकरीला लागला, तिथंच फ्लॅट घेतला, आणि आता दिवाळीला येतो तो पाहुण्यासारखा, आल्या आल्या परतीचं तिकीट सांगत. उरला अमरेश. पाटीवरचं ‘सन्स’ काही कुणी खोडलं नाही. त्या शब्दाचं सगळं ओझं या एका पोराच्या मानेवर येऊन बसलं, आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल, चालतं दुकान, स्वतःचं घर, आयतं ताट, मग रडायचं काय त्यात? म्हणा, म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरतो! पण ज्यानं दिवसभर गादीवर बसून एल्बो, टी, कॉक आणि पाइप चिकटवायच्या सोल्युशनची डबी एवढंच वर्षानुवर्षं ऐकलंय, त्याला एकदा विचारा. अमरेश बी.कॉम. झाला, घरात पेढे वाटून झाले, आणि बसवंतप्पा हात पुसत म्हणाले, "उद्यापास्नं बस." झालं, एवढ्यावर जन्म ठरला. पोरगं दुसऱ्या दिवशी बसलं ते बसलंच.

त्याची सुटका म्हणजे फोन. दुकानाचं शटर पडलं की माडीवरच्या खोलीत जायचं आणि तो बंदुकीचा खेळ लावायचा. खेळात त्याचा जोडीदार होता नांदेडचा प्रीतम. प्रीतम एका सरकारी कचेरीत, वडील वारल्यावर त्यांच्या जागी लागलेला. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओळख सगळी आवाजाची, पण सख्ख्या भावाला सांगणार नाही ते अमरेश त्याला सांगायचा.

खरं सांगायचं तर अमरेश खेळाडू म्हणून यथातथाच. पहिल्या फेरीतच मरायचा. पण मेल्यावर जो बोलायला लागायचा, बापरे! प्रीतम खेळतोय आणि हा इकडून सांगतोय, "आरं भिंतीआड कोण हाय बघ, जावई लपल्यासारखा लपलाय! वाक बाबा, वाक म्हणलं की वाकावं! न्हाई वाकला! गेलं डोसकं, बस आता हुडकत!" गादीवर तोंडातून शब्द न काढणारं हे पोर फोन हातात आला की नुसतं फुटाण्यासारखं तडतडायचं. प्रीतमनं ते बोलणं रेकॉर्ड करून टाकलं, लोक हसून लोळले, आणि एक दिवस पुण्याहून फोन आला. असल्या खेळांच्या स्पर्धा मराठीतून दाखवणारं एक चॅनेल होतं. त्यांना खेळाचं वर्णन करणारा माणूस हवा होता. काम घरी बसून, पगार महिन्याला. "पण फोनवर नाही चालणार," तो पुण्याचा गृहस्थ म्हणाला. "दणकट कम्प्युटर तुमचा तुम्हाला आणावा लागेल. दिवाळी झाली की संध्याकाळी सातला एक ट्रायल घेऊ."

पगार! कुणाचा मुलगा म्हणून नव्हे, कुणाचा नातू म्हणून नव्हे, स्वतःच्या जिभेचा पगार. तो आला की बापासमोर उभं राहून सांगता येईल, आप्पा, मी माझं बघतो. त्या एका वाक्यासाठी अमरेशला तो कम्प्युटर पाहिजे होता. बाकी खेळबिळ सगळं नंतर.

पैसा होता, पण मापात. त्या घरात नागप्पांच्या काळापासूनची रीत होती की दुकानाचं भंगार पोराचं. पाइपाचे तुकडे, खोकी, जळक्या मोटारींतलं तांबं, जे विकून येईल ते पोराच्या हातावर. रविकिरणनं त्यातून गाडी घेतली होती. अमरेशनं तीन वर्षं साठवून पन्नास हजाराच्या आसपास जमवले होते. तयार कम्प्युटर तेवढ्यात हलका मिळतो. म्हणून ठरलं, एकेक पार्ट निवडून आणायचा आणि घरीच जोडायचा.

तिथून पुढं पोराचं ध्यान उडालं. गिऱ्हाईक दोन इंची मागायचं, हा दीड इंची द्यायचा. बिलबुकाआड फोन, फोनमध्ये प्रोसेसर. रॅमचे भाव रोज वर. सोयाबीन एकदा पडलं की उठत नाही आणि ही रॅम एकदा उठली की पडत नाही, असला उफराटा बाजार. त्याच्या मनात होतं, प्रोसेसर सगळ्यात भारी घ्यावा, तोच मेंदू. प्रीतम म्हणाला, "येडा झाला का? प्रोसेसर भारी अन् ग्राफिक कार्ड हलकं घेतलं तर चित्र अडकून अडकून येईल, भावा. खेळ कार्डावर चालतो."

अमरेश एकदम म्हणाला, "म्हंजी पाच एचपीची मोटार अन् पुढं एक इंची पाइप."

"हाव! तसंच!"

मग काय, सगळं गणितच उलगडलं. पॉवर सप्लाय स्वस्तातला घेऊ नको हे प्रीतमला सांगावंच लागलं नाही. "हलका स्टार्टर लावला की मोटार जळती, हे तर मी गिऱ्हाइकाला रोज बोंबलून सांगतो," अमरेश म्हणाला. मदरबोर्ड पुढं वाढवता येईल असा, कारण आज दोन एकर भिजवणारा उद्या चार एकर भिजवणार, जोड काढायला जागा ठेवावी. प्रीतम हसायला लागला. "भावा, तू पक्का दुकानदार हायस." तो गमतीनं बोलला, पण अमरेशला ते झोंबलं आणि त्या दिवशी तो लवकर फोन ठेवून मोकळा झाला.

एकाच ठिकाणी त्याचं शहाणपण घसरलं, ते म्हणजे डबा. काचेचा कॅबिनेट, आत रंगीत दिवे, फिरताना चमकणारे तीन पंखे. प्रीतम म्हणाला, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! साधा पत्र्याचा घे." अमरेश म्हणाला, "न्हाई. आयुष्यात येक तरी वस्तू मला आवडली म्हणून घेणार." आणि त्या दिव्यांपायी ग्राफिक कार्डाला पैसे कमी पडले.

आता बघा, व्यापाऱ्याच्या पोराचं डोकं कसं चालतं ते. दुकानानं धंद्यासाठी वस्तू घेतली की तिच्यावरचा अठरा टक्के जीएसटी दुकानाच्या करातून वळता होतो, हे त्याला बाळकडूत मिळालेलं. त्यानं ठरवलं, सगळ्या पार्टचं बिल दुकानाच्या नावानं घ्यायचं. करात जेवढे वाचतील तेवढे गल्ल्यातून उचलायचे आणि कार्डात घालायचे. दुकानाला रुपयाचा तोटा नाही, आपलं कार्ड आलं, सरकारही विचारायला येत नाही. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

प्रीतमला मात्र नाही वाटलं. "ज्याच्या नावाचं बिल त्याची वस्तू, भावा. कचेरीत बसून मी तेवढंच शिकलो. चार महिने थांब, पण बिल तुझ्या नावाचं घे."

"ट्रायल चार महिने थांबत न्हाई," अमरेश म्हणाला. "अन् घरातल्या घरात कोण बघतंय?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

लातुरात घ्यावं तर संध्याकाळच्या आत बाजारभर होतं. बसवंतप्पांना ओळखत नाही असा दुकानदार गोलाईत सापडायचा नाही. म्हणून मोटारीचे स्पेअर बघून येतो सांगून तो नांदेडला गेला. बसस्टँडवर प्रीतमनं मागून "वाक बाबा, वाक!" अशी हाळी दिली तेव्हा त्यानं वळून पाहिलं. आवाजावरून पहिलवान वाटणारा प्रीतम प्रत्यक्षात काडीसारखा होता. दोघं खूप हसले, उभ्यानं चहा प्यायले आणि वजिराबादेतल्या एका दुकानात गेले. एकेक खोकं काउंटरवर आलं. दुकानदारानं विचारलं, "बिल कुणाच्या नावानं?" प्रीतमनं अमरेशकडं पाहिलं. अमरेशच्या तोंडून दुकानाचं नाव आणि तो लांबलचक जीएसटी नंबर न अडखळता, पाढा म्हटल्यासारखा बाहेर पडला. लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचेपर्यंत त्यानं कार्डाचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

जोडायला बसला तो माडीवर, जेवणाच्या पाटावर मदरबोर्ड ठेवून. आई, शरणम्मा, चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली.

"काय उघडून ठिवलास रं हे?"

त्यानं दार लावून तिला सगळं सांगितलं. पुण्याचं काम, पगार, सगळं. ऐकताना तिचा हात पदराशी गेला. रविकिरण जातो म्हणाला तेव्हाही गेला होता. पण शेवटी म्हणाली, "आप्पाला आत्ता काय बोलू नको. दिवाळी होऊ दे. मी सांगते त्यानला."

पाटावरचं सगळं डब्यात गेलं, शेवटचा स्क्रू बसला, बटण दाबलं, आणि काचेआडचे तीन पंखे निळे-जांभळे होऊन फिरायला लागले. खेळ लावला तसे कार्डावरचे दोन पंखेही घरघरले. अमरेश खुर्चीवर न बसता उभाच राहिला. आपण काहीतरी आपल्या हातानं उभं केलं, आणि ते चालतंय! इतकी खुशी त्याला बी.कॉम. होऊनही झाली नव्हती. पुढचे काही दिवस माडीवर त्याचा आणि प्रीतमचा नुसता कल्ला चालला होता, आणि गादीवर बसतानाही पोर शिट्टी वाजवत बसायचं. बसवंतप्पांना वाटलं, पोरगं रमलं.

मग रामकिशनजींचा फोन आला. दुकानाचा जीएसटी तेच भरायचे. स्वभाव मोठ्यानं बोलायचा, त्यामुळं फोन बसवंतप्पांच्या कानाला आणि शब्द अख्ख्या दुकानाला. "मुबारक हो बसवंतप्पा! दुकानाला कम्प्युटर घेतला म्हणे! नांदेडची बिलं दिसून राहिली इथं पोर्टलवर. चांगलं केलं. फक्त वस्तू दुकानात ठेवा बरं का, उद्या कुणी तपासणीला आलं तर डोळ्याला दिसली पाहिजे."

अमरेशनं हातातलं बिलबुक मिटलं. बसवंतप्पांनी फोन ठेवला, चष्मा काढला, उगीच धोतराच्या सोग्यानं पुसला.

"अमरेश, तू आणलास?"

"हाव."

"दुकानाच्या नावानं?"

"हाव, आप्पा."

म्हाताऱ्यानं चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग म्हणाला, "मला वाटलं हुतं तूबी जाणार. रविकिरणसारखा. कुणाला बोललो न्हाई, पर रोज वाटायचं. सकाळी तू गादीवर दिसलास की म्हणायचो, आज तर हाय. अन् तू भंगाराचा पैसा दुकानात घातलास, पोरा!" आणि गिऱ्हाइकासमोर बसवंतप्पांचे डोळे भरून आले. ज्या माणसानं स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीत डोळ्यातून टिपूस काढला नव्हता, तो!

आता बोल की रे बाबा! एवढी जीभ चालते ना तुझी? म्हण, आप्पा, तसं नाही, ते माझं हाय. चार शब्दांचं काम. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोलावं तर समोरचा तो चेहरा मोडायचा, आणि गप्प बसावं तर आपलं सगळंच जायचं. अमरेशनं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते असं: "तुमाला दिवाळीला दाखवणार हुतो, आप्पा." स्वतःच्याच हातानं कडी लावून घेतली म्हणायची.

लक्ष्मीपूजनाला बसवंतप्पांनी कम्प्युटर स्वतः जिना उतरवून आणला. कुणाला हात लावू दिला नाही. वह्यांच्या शेजारी गादीवर मांडला, काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली, वर बेलाचं पान, झेंडूची माळ. बटण दाबायला लावलं. निळे-जांभळे दिवे फिरायला लागले तसे म्हणाले, "बघ शरणे, लक्ष्मी कशी हसलालीय!" शेजारचे दुकानदार बघायला आले. ज्याला त्याला एकच, "आमच्या अमरेशनं जोडला. हातानं. दुकानासाठी."

आणि नागप्पांची दुसरी एक रीत होती त्या घरात. लक्ष्मीपूजनाला जे गादीवर बसलं, ते पुढच्या लक्ष्मीपूजनापर्यंत गादीवरून हलवायचं नाही. एका वर्षी पूजेतला तराजू दुसऱ्याच दिवशी मोडला, तर तो मोडका तराजू वर्षभर तिथंच राहिला होता आणि वजन करायला दुसरा आणला होता. अमरेशला हे माहीत नव्हतं असं नाही. पूजा होताना तो नुसता आईकडं बघत होता. तिनं कुंकवाची बोटं काचेला लावली आणि मान वर केली नाही.

रविकिरण आला होताच. कम्प्युटर बघून तो हसला. "आप्पा, हे तर गेमिंगचं मशीन आहे. बिलं फाडायला एवढं कशाला?"

अमरेशचा जीव कानात गोळा झाला.

"माझं पोरगं हलकं आणत न्हाई," बसवंतप्पा म्हणाले.

रविकिरणनं धाकट्याकडं पाहिलं. त्याला कळलं, अगदी सगळं कळलं. एक शब्द तो बोलू शकला असता. पण तो बोलला असता तर पुढचा प्रश्न निघाला असता, मग गादीवर तू येतोस का? म्हणून त्यानं अमरेशच्या पाठीवर थाप मारली, "भारी जोडलास," म्हणाला, आणि गाडी पहाटेची आहे म्हणून लवकर झोपायला गेला.

आईला अमरेशनं स्वयंपाकघरात गाठलं. "तू सांगणार हुतीस."

"कशी सांगू रं?" शरणम्मा करंज्यांच्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली. "रविकिरण गेल्यापास्नं त्यानला इतकं खुशीत बघितलं न्हाई. माझी जीभच उचलंना." आणि तिनं त्याच्या हातावर एक करंजी ठेवली. तो काय करणार, त्यानं खाल्ली.

दिवाळी झाली. रामकिशनजींच्या माणसानं येऊन बिलाचं सॉफ्टवेअर घालून दिलं, बिलबुकं कपाटात गेली. ट्रायलचा दिवस आला तेव्हा अमरेश म्हणाला, "आप्पा, सात वाजता मला कम्प्युटरवर थोडं काम हाय."

"कर की. तुझाच हाय. मी बसतो गिऱ्हाईक बघत."

सातला अमरेशनं कानाला हेडफोन लावले. गादीवर मांडी घातलेली, मागं लोड, समोर पडद्यावर खेळ. पुण्याचे तिघंचौघं तिकडून ऐकत होते, कोपऱ्यात प्रीतमही. सुरुवातीला तो जपून जपून बोलत होता. मग खेळात धावपळ सुरू झाली आणि त्याच्यात वारं शिरलं. "पाण्याच्या टाकीमागं दोघं! आरं उसात डुक्कर शिरावं तसं शिरलेत! येक गेला! दुसऱ्याला पळायला वाट न्हाई, इकडं आड तिकडं विहीर, आता काय करतोस बोल!" पुण्याचे लोक मोठ्यानं हसले. एकजण म्हणाला, "क्या बात है!" कार्डाचे पंखे जोरात घरघरत होते. तेवढा वेळ अमरेश गोलाईत नव्हताच. तो कुणाचा मुलगा नव्हता आणि त्याच्या डोक्यावर पाटी नव्हती.

तेवढ्यात खांद्याला हात लागला.

"अमरेश, बिल."

एक गिऱ्हाईक उभं होतं, हातात दोन एल्बो आणि सोल्युशनची डबी. गावाकडची शेवटची बस होती त्याची. बसवंतप्पांना कम्प्युटर येत नव्हता. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली होती बिचाऱ्यांनी, पण गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं. अमरेशनं हातानं थांबा म्हणून खुणावलं. बसवंतप्पा हळूच म्हणाले, "आरं, त्याची गाडी जाईल." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पडद्यावर शेवटचे दोघं समोरासमोर आले होते. आणि अमरेशचा हात, ते आपणच करतोय हेही त्याला कळलं नाही, सवयीनं गेला. खेळ खाली गेला, बिल वर आलं. पुण्यात बसलेल्या सगळ्यांना पडदा दिसतच होता. त्यांना दिसलं: नागप्पा अँड सन्स. एल्बो दोन इंची, नग दोन. आणि त्याच दमात, त्याच चढ्या आवाजात त्याच्या तोंडून निघालं, "सोल्युशन मोठी डबी का लहान?"

तिकडं हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते. "तुमचा आवाज फार छान आहे हो," तो गृहस्थ म्हणाला. "पण तुम्हाला इकडं वेळ देता येईल असं दिसत नाही. आधी दुकान सांभाळा. पुढं कधीतरी बघू." एकेक जण गेला. प्रीतम तेवढा थांबला. "भावा," एवढंच म्हणाला आणि तोही गेला.

अमरेशनं हेडफोन काढले. बिलाचा कागद गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला, सुट्टे मोजून दिले. गिऱ्हाईक गेलं. बसवंतप्पा जवळ सरकून काचेतून आत बघत बसले होते, नातवाकडं बघावं तसे.

"अमरेश, हे तीन फिरलालेत," ते बोट लावून म्हणाले, "अन् ते आतले दोन मगाशी फिरत हुते, आता का बंद पडले रं? बिघडलं का काय?"

"न्हाई आप्पा, चांगलंच हाय," अमरेश म्हणाला. "बिल करायला ते लागत न्हाई."